आधी स्टॉप, मग शेअरची संख्या

आजचा भाग खास बॉट लिहिणाऱ्यांसाठी. इंट्राडेमध्ये स्टॉप-लॉस आणि टारगेट नेमकं कुठे ठेवायचं?

बरेच जण काय करतात? "मी १००० शेअर घेणार, तोटा १००० रुपयांच्या वर नको." झालं, स्टॉप १ रुपयावर. हे उलटं आहे. शेअरला तुमच्या खिशाशी काही देणंघेणं नसतं, तो त्याच्या चालीनंच हलतो.

समजा शेअर ५०० रुपयांचा आहे. ५ मिनिटांच्या कँडलवर त्याचा एटीआर, म्हणजे एका कँडलमधली सरासरी हालचाल, २ रुपये. मग १ रुपयावरचा स्टॉप नुसत्या नेहमीच्या हलण्यातच उडणार, दिशा बरोबर ओळखली असली तरी! म्हणून आधी स्टॉप ठरवा. दुप्पट एटीआर, ४ रुपये. (दुप्पटच हवा असा काही नियम नाही, सुरुवातीला बरा आकडा.) आता १००० भागिले ४, म्हणजे २५० शेअर. तोटा तेवढाच, पण शेअरला श्वास घ्यायला जागा.

टारगेट ६ रुपये ठेवलं, तर कागदावर १०० पैकी ४० ट्रेड जिंकले की बरोबरी. पण ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी आणि स्लिपेज मिळून शेअरमागे ५० पैसे धरा. तोटा साडेचार, नफा साडेपाच. आता ४५ जिंकावे लागतात. आणि तो १ रुपयाचा स्टॉप, दीड रुपयाचं टारगेट? खर्च ४० पैसे धरला तरी ५६ ट्रेड जिंकायला हवेत. सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये कॅश सेगमेंटमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० पैकी ७ जण तोट्यात होते. ५६ हा आकडा किती अवघड आहे ते बघा.

आता बॅकटेस्ट. इथे खरी गंमत आहे. एकाच ५ मिनिटांच्या कँडलनं स्टॉप पण शिवला आणि टारगेट पण. आधी काय शिवलं? कँडलला ते माहीतच नाही. तुमच्या कोडमध्ये टारगेटचा इफ आधी लिहिला असेल, तर प्रत्येक वेळी नफा मोजला जातो आणि ग्राफ मस्त वर जातो! अशा वेळी स्टॉप आधी लागला असं धरा, नाहीतर १ मिनिटाचा डेटा घ्या. आणि १.७ पट एटीआरला भरपूर नफा, पण १.६ आणि १.८ ला तोटा असं दिसलं, तर तो १.७ सरळ सोडून द्या. तो फक्त त्या जुन्या डेटावर बसवलेला आकडा आहे.

वेळेचंही बघा. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हाची हालचाल आणि साडेबाराची, दोन्ही सारख्या नसतात. पावणेतीनला घेतलेल्या ट्रेडला ६ रुपयांचं टारगेट गाठायला वेळ तरी कुठे आहे? तीन-सव्वातीननंतर ब्रोकर स्वतःच पोझिशन बंद करायला लागतो. त्यामुळे ठरावीक वेळेनंतर नवीन ट्रेड नाही, ही अट कोडमध्ये हवीच.

शेवटचं, एसएल-लिमिट ऑर्डर. ट्रिगर ४९६, लिमिट ४९५.५०, आणि भाव एकदम ४९४ वर आला, तर ऑर्डर तशीच लटकते. बॉटला वाटतं आपण बाहेर पडलो. म्हणून ट्रिगर झाला एवढ्यावर थांबू नका. ऑर्डर खरंच पूर्ण झाली का ते ब्रोकरच्या एपीआयला विचारा, आणि काही सेकंदांत झाली नसेल तर लिमिट खाली सरकवा.