टेलिव्हिजनची पहिली नायिका

रंगभूमीवर नटीचा चेहरा, आवाज आणि हात हीं सारीं एकदमच प्रेक्षकांपुढें येतात. परंतु जगांतील पहिलें टेलिव्हिजन-नाटक म्हणून जें सामान्यतः ओळखलें जातें, त्यांत नायिकेचा चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे होते. ज्यांचा तो चेहरा, त्या इझेटा ज्युवेल यांचें नांव आज फारसें कोणाला ठाऊक नाहीं.

ज्युवेलबाईंचा जन्म १८८३ सालीं न्यू जर्सी संस्थानांत झाला. रंगभूमीवर नांव मिळविल्यावर १९१४ मध्यें त्यांनीं वेस्ट व्हर्जिनियाचे काँग्रेस-सभासद विल्यम गे ब्राउन यांच्याशीं विवाह केला. परंतु १९१६ सालींच ब्राउन निवर्तले. बाई शेतीवाडी पाहूं लागल्या व सार्वजनिक कार्यांतही पडल्या. अमेरिकेंतील स्त्रियांना १९२० सालीं मताधिकार मिळाला आणि लगेच १९२२ मध्यें सिनेटसाठीं डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळावी म्हणून त्या उभ्या राहिल्या. मॅथ्यू नीली यांच्यापुढें त्यांना यश आलें नाहीं. तरीही त्या खचल्या नाहींत. १९२४ च्या पक्षाधिवेशनांत जॉन डेव्हिस यांच्या नांवाला त्यांनीं जाहीर अनुमोदन दिलें.

पुढें प्राध्यापक ह्यू मिलर यांच्याशीं पुनर्विवाह होऊन त्या स्केनेक्टडी शहरीं आल्या. तेथें जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अर्न्स्ट अलेक्झांडरसन टेलिव्हिजनचे प्रयोग करीत होते. ११ सप्टेंबर १९२८ रोजीं ‘द क्वीन्स मेसेंजर’ ही जे. हार्टले मॅनर्स यांची दोन पात्रांची एकांकिका त्यांनीं क्षेपित केली. कॅमेरे तीन होते. एकासमोर ज्युवेलबाई, दुसऱ्यासमोर मॉरिस रँडल. कॅमेऱ्याच्या टप्प्यांत मस्तकाहून अधिक कांहीं येईना. त्यामुळें वस्तु उचलणें-ठेवणें दाखविण्यास तिसऱ्या कॅमेऱ्यापुढें निराळ्याच एका स्त्रीचे व पुरुषाचे हात योजले होते. दिग्दर्शक मॉर्टिमर स्टुअर्ट प्रसंगानुरूप एकामागून एक चित्र पुढें आणीत. संवाद रेडिओवरून ऐकूं येत. पडदा अवघा तीन इंचांचा आणि प्रेक्षक मोजकेच.

नटीला मान वळविण्याचीहि मोकळीक नव्हती. नजरेनें आणि स्वरानें जें साधेल तेवढेंच तिचें. व्यासपीठावरून हजारोंच्या सभेपुढें बोललेल्या या बाईंनीं तेंहि मान्य केलें, हें विशेष होय.

१९७८ सालीं त्या निवर्तल्या. तोंवर टेलिव्हिजन घरोघरीं पोंचला होता. त्यांची आठवण निघते ती त्या एका प्रयोगापुरती. वस्तुतः मताधिकार मिळून दोनच वर्षें झालीं असतां सिनेटची उमेदवारी मागणें, हें त्या प्रयोगाहून कमी धाडसाचें नव्हतें.