पुराव्याचा आग्रह : सुरतेची मानवधर्म सभा आणि तिच्यानंतरचा वाद



ईश्वर आहे काय, आणि असल्यास त्याला प्रमाण काय, हा प्रश्न इंग्रजी विद्येबरोबर या देशात आला, असा एक समज आहे. तो खरा नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानणाऱ्या नैयायिकांनी ईश्वर अनुमानाने सिद्ध करण्याचा मोठा खटाटोप केला. घट आहे त्या अर्थी कुंभार असला पाहिजे, तसे जगत् आहे त्या अर्थी त्याचा कर्ता असला पाहिजे, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ याच विषयाला वाहिलेली आहे. उलट वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी, शरीर नसलेला कर्ता सृष्टी कशी निर्माण करील आणि दयाळू कर्ता दुःखाने भरलेली सृष्टी का निर्माण करील, असे प्रश्न विचारून तो युक्तिवाद खोडून काढला. म्हणजे ईश्वराविषयी शंका घेणारा मनुष्य धर्माबाहेरचाच असतो, असे आपल्या परंपरेनेही मानलेले नाही.

मात्र हा वाद पंडितांच्या सभेत आणि संस्कृत भाषेत चाले. दुकानदार, कारकून आणि विद्यार्थी यांच्यासमोर, त्यांच्याच भाषेत, “सांगता त्याला पुरावा काय?” हा प्रश्न मांडण्याचा पश्चिम भारतातील एक आरंभीचा प्रयत्न सुरत शहरात झाला, आणि त्यात एका मराठी विद्वानाचा वाटा मोठा होता.

त्या काळची सुरत ही वैभव ओसरलेली नगरी होती. बंदराचा व्यापार मुंबईकडे गेला होता. १८३७ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला होता. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी १८१५ पासून तेथे ठाणे मांडले होते आणि हिंदू, पारशी व मुसलमान यांच्या धर्मसमजुतींवर त्यांची टीका सुरू होती. अशा वातावरणात २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. दुर्गाराम मंछाराम मेहता, दादोबा पांडुरंग तर्खडकर, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे तिचे प्रमुख. पाचही नावे ‘द’ या अक्षराने सुरू होणारी, म्हणून लोक त्यांना ‘पाच दद्दे’ म्हणू लागले.

दुर्गाराम हे नागर ब्राह्मण, व्यवसायाने शिक्षक. गुजरातेत शिक्षकाला ‘मेहताजी’ म्हणत, आणि याच उपाधीने ते आजही ओळखले जातात. दादोबांची ओळख मराठी वाचकाला करून देण्याचे कारण नाही. १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध करणारे हे वैयाकरण सुरतेच्या इंग्रजी शाळेत नोकरीनिमित्त आले होते. भाषेतील प्रत्येक प्रयोगाला नियम शोधणाऱ्या या बुद्धीने समाजातील प्रत्येक आचाराला कारण विचारावे, हे स्वाभाविकच होते.

सभेचे अधिवेशन दर रविवारी भरे आणि ते सर्वांना खुले असे. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती या तिन्ही धर्मांतील ढोंगावर तेथे बोलले जाई. मंत्रतंत्र, भूतबाधा आणि जादूटोणा यांवर पोट भरणाऱ्यांना सभेने उघड आव्हान दिले, की मंत्रात सामर्थ्य असेल तर ते आमच्यासमोर दाखवावे. मांत्रिकाची भीती घराघरांत वावरत असलेल्या काळात, सरकारी शाळेत पगारावर काम करणाऱ्या माणसाने असे आव्हान देणे सोपे नव्हते.

या आव्हानामागील तत्त्व सुरतेच्या व्यापाऱ्याला समजण्यास मुळीच कठीण नव्हते. अमक्याला कर्ज दिले आहे, असे जो म्हणतो त्याने खत दाखवावयाचे असते. घेतलेच नाही असे म्हणणाऱ्याने ‘नसलेले खत’ कोठून आणावे? भूत नाही हे सिद्ध करा, असा उलटा आग्रह आजही ऐकू येतो. दावा ज्याचा, पुरावा त्याचा, हा पेढीवरचा नियम सभेने धर्माच्या प्रांतात नेऊन बसविला, एवढेच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हे पाचजण नास्तिक नव्हते. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे आणि धर्म म्हणजे प्रेम व सदाचरण, अशी त्यांची श्रद्धा होती. दादोबांच्या ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात हीच तत्त्वे आहेत, आणि त्यांच्या जोडीला प्रत्येकाला विचारस्वातंत्र्य असावे व रोजचे बोलणे-वागणे विवेकाला धरून असावे, हीही तत्त्वे आहेत. या ग्रंथाचे लेखन १८४३ च्या सुमाराचे. तो छापून प्रसिद्ध झाला १८६८ मध्ये. मधली पंचवीस वर्षे त्या काळच्या समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जातात.

मग सहज प्रश्न येतो, की मांत्रिकाकडे पुरावा मागणाऱ्यांनी स्वतःच्या ईश्वराकडे तो का मागितला नाही? श्रद्धावंताचे उत्तर असे, की दोन्ही विधाने एका जातीची नाहीत. मंत्राने विष उतरते, हे विधान डोळ्यांदेखत खरे किंवा खोटे ठरते. विश्वाच्या मुळाशी एक मंगल सत्ता आहे, हे विधान तशा परीक्षेचा विषयच होत नाही. त्याची साक्ष माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीत शोधावयाची. यावर संशयवादी म्हणतो, की ज्या विधानाला कोणत्याही घटनेने धक्का लागत नाही, ते केल्याने आणि न केल्याने जगात फरक तो काय पडला? दोन्ही बाजू तोलामोलाच्या आहेत. सुरतेच्या सभेने हा वाद मिटविला नाही. ज्या दाव्यांची परीक्षा होऊ शकते त्यांची ती झालीच पाहिजे, एवढी सीमारेषा मात्र तिने आखून दिली.

सभेचे आयुष्य अल्प ठरले. दादोबा १८४६ मध्ये मुंबईस परतले, दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटला गेले आणि सभा मावळली. तिच्या कामकाजाची माहिती दुर्गारामांच्या रोजनिशीमुळे टिकली. तिच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मुंबईत १८४९ मध्ये दादोबांच्या प्रेरणेने परमहंस सभा निघाली, पण ती गुप्त होती. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या सभासदाला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे सारे बंद दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विसकटली. सुरतेत दार उघडे होते, तेथे निदान प्रश्न लोकांच्या कानांवर तरी गेला. चारचौघांत बोलण्याचे धैर्य नसेल तर उत्तम विचारही किती दुबळा ठरतो, हे या दोन सभा शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते.

पुढे १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी याच एकेश्वरी श्रद्धेला तत्त्वज्ञानाची बैठक देण्याचा यत्न केला. त्याच पिढीच्या अखेरीस मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर पोसलेले गोपाळ गणेश आगरकर पुढे आले. १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारका’तून त्यांनी विवेकाची कसोटी सर्वत्र लावली, आणि देवतांच्या कल्पना माणसाच्या भीतीतून व अज्ञानातून कशा उपजल्या याची चिकित्सा करताना ते थबकले नाहीत. रानडे परम आस्तिक, आगरकर अज्ञेयवादी; परंतु संमतिवयाचा प्रश्न असो वा विधवांचा, दोघे एकाच बाजूस उभे राहिले. खरी फळी आस्तिक आणि नास्तिक अशी नसून, चौकशीला सामोरे जाणारे आणि चौकशी नाकारणारे अशी असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच वाद पुन्हा मराठी व्यासपीठावर आला. डॉ. श्रीराम लागू यांनी परमेश्वराला आता निवृत्त करावे, अशी भूमिका मांडली. त्यांच्याबरोबर गावोगावी वाद-संवाद करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत, की अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही. देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाच्या विरोधात आहे. चमत्कार सिद्ध करून दाखविणाऱ्यास समितीने जाहीर केलेले लाखो रुपयांचे पारितोषिक म्हणजे सुरतेच्या त्या जुन्या आव्हानाचाच नवा अवतार होय. हजारो श्रोत्यांसमोर दोन मित्र ईश्वराविषयी मतभेद मांडत आणि कार्यात एकत्र राहत, हे दृश्य आपल्या सार्वजनिक जीवनाला भूषण देणारे होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. युक्तिवादाला गोळीने दिलेले उत्तर हे उत्तर नसते. ती उत्तर नसल्याची कबुली असते.

त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना त्याने हात लावलेला नाही. अपाय करणारे अघोरी प्रकार मात्र दंडनीय ठरविले आहेत. श्रद्धा आणि तपासता येण्याजोगा दावा यांतील जुनी सीमारेषाच जणू कायद्याच्या भाषेत लिहिली गेली. गुजरात विधानसभेने अशा आशयाचे विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केले. सुरतेतील मेहताजींच्या आव्हानाला तोवर एकशे ऐंशी वर्षे झाली होती.

या शतकमहोत्सवी प्रसंगी या इतिहासाचे स्मरण उचित आहे, कारण ग्रंथालय ही मुळात वादाचीच वास्तू आहे. तिच्या कपाटांत ज्ञानेश्वरी आणि आगरकरांचे निबंध शेजारी नांदतात आणि ग्रंथपाल कोणालाही त्याची श्रद्धा विचारून पुस्तक देत नाही. ईश्वर आहे की नाही, याचा निकाल येथे लागणार नाही, तो लागावा अशी अपेक्षाही नाही. मात्र “पुरावा काय?” असे विचारणाऱ्या मुलाला येथे कोणी दटावू नये, आणि हात जोडून बसलेल्या आजीला कोणी हसू नये. सुरतेच्या त्या पाच गृहस्थांनी आरंभिलेले काम एवढे सांभाळले तरी पुढे चालू राहील.