आधी पाणी, मग बाप्तिस्मा



माळ घातली की माणूस बदलतो म्हणतात. पण ते दिसतं कुठं?

नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांची वाट त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ताचे अभंग लिहिले, कीर्तनं केली. मला मात्र लक्ष्मीबाईंचं जास्त वाटतं. धनी ख्रिस्ती झाले तरी बाई सोवळं पाळायच्या. मग मनाशीच विचार केला, देवानं काय जाती केल्या? अन् सगळ्यांच्या हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्याच्याही मागून. 'स्मृतिचित्रे'त त्यांनीच लिहिलंय. मी चौथी शिकलेला, पण ते पुस्तक सोपं आहे, ओट्यावर बसून सांगितल्यासारखं.

आपल्या अमळनेरचे साने गुरुजी 1947 साली पंढरीत उपोषणाला बसले, तेव्हा विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं. दार उघडलं खरं. पण वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, माउली म्हणतो, अन् गावी आल्यावर काही घरचा चहा घेत नाही. त्या घरचे लोक आपली माळ बघत नाहीत, कप बघतात.

वारीवरून आलो की पहिल्या दिवशी मी वस्तीत चहाला बसणार. कोण कोण येतं, हात वर करा.