भीमगीतांच्या कॅसेट : आमची आवड आणि नावड
(वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्या आधीच्या वक्त्यांनी धम्म, संविधान, शिक्षण असे भारदस्त विषय मांडले. आमच्या वाट्याला गाणी आली आहेत. आम्ही गायक नाही, संगीताचे जाणकार नाही. चाळीस वर्षे कानाला टेपरेकॉर्डर लावून बसलेले श्रोते आहोत. तेव्हा आम्हांला काय आवडले आणि काय नावडले, एवढेच सांगणार आहोत. कोणाचे मत वेगळे असेल तर चहाच्या वेळी अवश्य भांडावे.

पण आवडीला काही माप तरी हवे. ते आम्ही दीघनिकायातून घेतले आहे. सक्कपञ्ह सुत्तात पञ्चशिख नावाचा गंधर्व राजगृहाजवळच्या इंद्रशाल गुहेपाशी येतो आणि वीणा वाजवून भगवंतांना गीत ऐकवतो. गंमत अशी की ते गीत त्याच्या प्रेयसीसाठी रचलेले आहे, त्यातच बुद्ध, धम्म आणि अर्हंतांचीही नावे गुंफलेली आहेत! भगवान रागावत नाहीत. उलट, तुझ्या तारांचा स्वर गाण्याशी जुळतो आणि गाण्याचा स्वर तारांशी, कोणी कोणावर मात करीत नाही, अशा अर्थाची दाद देतात. बौद्धांना गाणे वर्ज्य आहे असे जे काही लोक अष्टशीलाच्या आधाराने सांगतात, त्यांनी हे सुत्त जरूर वाचावे. अष्टशीलातील नृत्य, गीत आणि वाद्याविषयीचे शील उपोसथाच्या दिवशी पाळायचे असते. वर्षाचे बाराही महिने मुके राहा, असे त्यात कोठेही सांगितलेले नाही.

तर शब्दाने वाद्याला मारू नये आणि वाद्याने शब्दाला गिळू नये, या मापाने आमची पहिली पसंती कोणत्याही कंपनीच्या कॅसेटला नाही. ती आमच्याकडच्या एका ध्वनिफितीला आहे, जिच्यावर गाव नाही, तारीख नाही, फक्त निळ्या शाईत ‘वामनदादा’ लिहिलेले आहे. कोणीतरी कार्यक्रमात समोर बसून ती भरली आहे. एक पेटी, एक ढोलकी, मध्येच रडणारे एखादे मूल, आणि वामनदादा कर्डकांचा तो जरासा फाटका आवाज. गाता गाता ते थांबतात, दोन वाक्ये बोलतात, समोरचे हसतात, आणि मग पुढचे कडवे येते. ते कडवे त्या दोन वाक्यांमुळेच कळते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला 1922 साली जन्मलेला हा माणूस शाळेत न जाता, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकला. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातून काढून वाचावेत. पण वामनदादा वाचणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. 2004 साली ते गेले, त्यामुळे आता ऐकायचे तर अशा फितींवरच.

दुसरी पसंती प्रल्हाद शिंदे यांना. तेही 2004 सालीच गेले. विठ्ठलाची गाणी आणि कव्वाल्या गाणाऱ्या गळ्याने भीमगीते गावीत, हे आमच्यातल्या काहींना खटकते. आम्हांला नाही खटकत. गळा हा कष्टकऱ्याचा आहे, त्याला कामे अनेक. कितीही वर चढला तरी त्या आवाजात शब्दाचे शेवटचे अक्षर तुटत नाही. मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळते की काय गायले गेले. विठ्ठल उमपांचे तसे नाही. ते अक्षर कळू देण्यापेक्षा प्रसंग उभा करतात. त्यांच्या ‘जांभूळ आख्याना’तला नट भीमगीतातही जागा असतो. म्हणून त्यांची कॅसेट आम्हांला नेहमी अर्धीच वाटते, डोळ्यांचा वाटा राहून जातो. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच त्यांना मृत्यू आला.

आता नावडीकडे येतो. येथे नावे घेणार नाही. एक घेतले तर दहा घ्यावी लागतील.

नावडीत पहिल्या क्रमांकावर त्या वंदनेच्या कॅसेट्स आहेत, ज्यांत त्रिशरण आणि पंचशील आरतीच्या चालीवर, मागे सिंथेसायझर आणि घंटा लावून गायले आहे. पाली शब्दांतली जोडाक्षरे चालीसाठी ताणली जातात, अनुस्वार गळून पडतात. शिवाय याविषयी प्रत्यक्ष विनयपिटकातच इशारा आहे. काही भिक्खू धम्म लांब ताना घेत गाऊ लागले, तेव्हा लोक म्हणाले, आम्ही गातो तसेच हेही गातात. तेव्हा भगवंतांनी तसे गाण्याचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो, ऐकणारेही त्या आवाजावर भाळतात, गृहस्थ नावे ठेवतात, स्वर साधण्याच्या नादात चित्ताची एकाग्रता मोडते आणि मागून येणारे तोच कित्ता गिरवतात. चुल्लवग्गात हे आहे. मात्र त्याच ठिकाणी सरभञ्ञ, म्हणजे स्वरात पठण, करण्यास परवानगीही दिलेली आहे. म्हणजे स्वर चालतो, मिरवणे चालत नाही. आमच्या विहारात लहान मुले भंतेजींच्या मागून साध्या स्वरात वंदना म्हणतात, ती आम्हांला या सर्व कॅसेट्सपेक्षा गोड लागते.

दुसरी नावड ही भरताडाची. हे भरताड कोठून आले ते समजून घेतले पाहिजे. जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत. म्हणजे एका तबकडीत दोन गाणी. ती दोन निवडून घ्यावी लागत. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, घरोघरी टेपरेकॉर्डर आला, आणि ज्यांना तबकडीच्या कंपनीने दारात उभे केले नसते अशा आपल्या गायकांचा आवाज गावोगाव गेला. हा कॅसेटचा मोठा उपकार आहे. पण कॅसेटच्या दोन बाजू भरायला आठ-दहा गाणी लागतात, आणि 14 एप्रिल काही पुढे ढकलता येत नाही! मग दोन गाणी जीव ओतून केलेली आणि बाकीची त्या हंगामातल्या सिनेमाच्या चालीवर, रात्रीत उरकलेली. त्यांत बाबासाहेब नवसाला पावणारे देव होतात, आणि बावीस प्रतिज्ञा मात्र कोठे सापडत नाहीत.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सिनेमाच्या चालीला आमचा विरोध नाही. आंबेडकरी जलशांनी लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेतल्या, त्या मुद्दाम. चाल माहीत असली की नवा विचार लवकर पाठ होतो. खुद्द वामनदादांची सुरुवात 1943 साली एका हिंदी गाण्याच्या विडंबनाने झाली. उसनी चाल घेऊन त्यांनी तिच्यात स्वतःचा माल भरला. आमची तक्रार आहे ती रिकाम्या पोत्यांबद्दल.

तिसरी गोष्ट नावडीची म्हणण्यापेक्षा दुःखाची आहे. वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. संतांच्या अभंगापासून चालत आलेली ही रीत आहे. कॅसेट भरताना वेळ वाचवायचा म्हणून काही ठिकाणी शेवटचे कडवेच कापले गेले. वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो आणि कंपनीचे नाव, कवीचे नाव बारीक अक्षरात किंवा नाहीच. कडवे गेले, कवी गेला. आज हीच गाणी मुले मोबाईलवर ऐकतात आणि तेथे ‘पारंपरिक’ असे लिहिलेले दिसते. अहो, पारंपरिक कसली? ज्याने लिहिले तो माणूस आमच्यासमोर गायला आहे! ज्या समाजाचे नाव हजारो वर्षे कोणी लिहून ठेवले नाही, त्यानेच आपल्या कवीचे नाव खोडावे, हे आम्हांला सहन होत नाही.

काही आवाज तर कॅसेटपर्यंत पोचलेच नाहीत. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आज आनंद पटवर्धनांच्या माहितीपटांमुळे ऐकता येतो. कॅमेरा तेथे नसता तर तोही गेला असता.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. घरी माळ्यावर, शिलाई मशीनच्या खणात जुन्या कॅसेट्स असतील. आपल्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, फीत फितीला चिकटते. तशी कॅसेट यंत्रात घालू नका, फीत ओढली जाईल. आधी पेन्सिल घालून हाताने सैल फिरवून बघा. कंपनीच्या कॅसेट्स कोठेतरी दुसरीकडेही मिळतील, हाताने नाव लिहिलेल्या मिळणार नाहीत, त्या आधी शोधा. एका बाजूला मामाच्या लग्नाचा गोंगाट असला तरी पुसू नका, दुसऱ्या बाजूला कोण असेल सांगता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की हे गाणे कोणाचे, कोठे झाले, पेटीवर कोण होते, आणि ते कागदावर लिहून सोबत ठेवा. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत यंत्र लावून बसणार आहोत. फितीवरचे संगणकात उतरवून घेऊ आणि कॅसेट ज्याची त्याला परत देऊ.

जयभीम.