जात्याजवळचे बोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘यंत्रयुग आणि आपली संस्कृती’ हा विषय मला दिला, तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, “विषय फार मोठा आहे हो, माझी धाव स्वयंपाकघरापर्यंत.” त्या म्हणाल्या, “मग तिथलेच सांगा.” म्हणून आज मी जात्याविषयी चार शब्द बोलणार आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी पहाटे चारला जाते सुरू होई. आई आणि काकू समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने उचलून धरावी. मी आईच्या मांडीवर डोके ठेवून निजत असे. आज हे चित्र गोड वाटते. पण दहा माणसांचे रोजचे दळण म्हणजे काय, हे आईच्या तळहातांवरच्या घट्ट्यांना विचारायला हवे होते. अंगात ताप असला तरी दळण चुकत नसे.

पुढे गावात इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली. आजी म्हणाली, “गिरणीचे पीठ जळते, त्यात सत्त्व राहत नाही.” आई कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशी मात्र म्हणाली, “सत्त्व नसेना का, आत्याबाई, झोप तरी मिळेल!” दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मला जाग आली, तो आई शेजारी गाढ झोपलेली. आईला झोपलेली मी त्याआधी कधी पाहिलीच नव्हती.

तेव्हा भगिनींनो, ‘जुने ते सोने’ असे म्हणायला मी येथे उभी नाही. गिरणीने आपल्या आयांवर उपकारच केले. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आठ दिवस पायलीभर जोंधळे दळून पाहावेत, मग बोलावे.

पण दळणाबरोबर आणखी काही गेले, ते मला फार उशिरा कळले. आई थकल्यावर आमच्याकडे राहायला आली. एकदा मी तिला ओव्या म्हणायला सांगितले. ती म्हणाली, “नुसते बसून कशा आठवतील?” मग मी माळ्यावरचे जाते खाली काढले, पुसले, मूठभर गहू आणले. तिने खुंटा धरला, दोन फेरे झाले आणि ओव्या आपोआप येऊ लागल्या. माहेराच्या आल्या, विठ्ठलाच्या आल्या, वनवासातल्या सीतेच्या आल्या. मग एका ओवीत एका मुलीचे नाव आले. आमच्या घरात ते नाव कोणाचेच नव्हते.

“आई, ही कोण?”

जाते न थांबवता ती म्हणाली, “तुझी थोरली बहीण. सव्वा वर्षाची होऊन गेली.”

“आणि इतकी वर्षे तू बोलली नाहीस?”

“बोलायचे कुणापाशी? दळताना रोज तिचे नाव घेत होते. तुझ्या काकूला ठाऊक होते. गिरणी आली, मग तेही राहून गेले.”

त्या वेळी घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही विकत आणलेल्या भजनांच्या कॅसेटी ऐकत असू. आईसाठी ते बटण दाबावे, हे मला सुचले नाही. पुढच्या वर्षी आई गेली. तिच्या ओव्यांपैकी आज मला चार येतात. माझ्या बहिणीची एकही पुरी येत नाही.

गिरणीने आपल्याला गाऊ नका असे सांगितले नव्हते. सुनेला मनातले बोलायला घरात तेवढीच एक जागा होती. ती गेल्यावर दुसरी जागा आपण तिला करून दिली नाही. गिरणीच्या रांगेत निदान चार बायका भेटत. आता घरघंटी आली, तीही भेट सरली. लग्नात जाते येते, पण सुपारी बांधून, पाच फेरे फिरवण्यापुरते. ओवी म्हणायला कोणी पुढे येत नाही, म्हणून ध्वनिक्षेपकावर गाणे लावतात.

ही परंपरा काही कालपरवाची नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद केली आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी छापली गेली, ती चिरंजीव सोपानदेव आदींनी लिहून ठेवली होती म्हणून. ज्यांच्या घरी लिहून घेणारे कोणी नव्हते, त्यांचे काय झाले असेल?

आशेची गोष्टही सांगते. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेचे दुःख आहे, तशी बाबासाहेब आंबेडकरांवरची मायाही आहे. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या करायला आरंभ केला. म्हणजे एका यंत्राने जे मुके केले, त्याला दुसऱ्या यंत्राने वाचा दिली. मात्र दोन्ही वेळा यंत्रामागे माणूस होता.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्यापैकी प्रत्येकीजवळ मोबाइल आहे. घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी वृद्ध बाईसमोर जाते मांडा, मूठभर धान्य द्या आणि तिचे बोल टिपून घ्या. तिचे नाव, गाव, माहेर विचारा. ओवीत कोणाचे नाव आले तर ते कोण, हेही विचारा. संकोचू नका. कदाचित इतकी वर्षे ती कोणी विचारील म्हणूनच थांबली असेल.