‘वेश्या’ या शब्दाचा हिशेब

(बारामती औद्योगिक वसाहतीतील कामगारांपुढे केलेले भाषण)



शब्दाच्या अर्थावर बोलावयास अर्थशास्त्राचा माणूस कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु ‘वेश्या’ या शब्दामागे व्यवहाराचाच इतिहास आहे. संस्कृतात ‘वेश’ म्हणजे गणिकांची वस्ती. त्या वस्तीतली ती वेश्या. मुळात हा शब्द ठिकाण सांगणारा होता. ‘रूपाजीवा’ हा दुसरा शब्द उपजीविकेचे साधन सांगतो. कौटिल्याने तर गणिकाध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमावयास सांगितला आणि रूपाजीवेने आपल्या मोबदल्याच्या दुप्पट रक्कम दरमहा राजाला द्यावी, असा नियम घातला. बाई पतित ठरली, तरी तिच्याकडून आलेला पैसा खजिन्याला बाटवीत नव्हता.

हे प्राचीन काळापुरतेच आहे असे मानू नका. येथून मोरगावमार्गे जेजुरी जवळच आहे. नवसापोटी खंडोबाला वाहिलेला मुलगा वाघ्या आणि वाहिलेली मुलगी मुरळी. देव एक, भंडारा एक, दारिद्र्यही बहुधा एकच. तरीही ‘वाघ्या’ ही शिवी झाली नाही. ‘मुरळी’ मात्र झाली. मुरळीच्या असहायतेचा ज्यांनी फायदा घेतला, त्यांच्यासाठी समाजाने शब्दच घडविला नाही. बाजारातही तेच. विकणारीला पन्नास नावे, आणि विकत घेणारा नुसता ‘गिऱ्हाईक’! किराणा दुकानात आपणां सर्वांना लागू पडणारा हा निरुपद्रवी शब्द.

मग शब्द बदलावा काय? सांगलीच्या स्त्रियांनी १९९६ साली संघटना उभारली, तेव्हा तिचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ असे ठेवले. लाजेचा शब्द त्यांनी टाकला नाही. त्याच्यापुढे ‘अन्याय’ हा शब्द मांडला. उलट, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या पुस्तिकेत ‘सेक्स वर्कर’ हा शब्द सुचविण्यात आला. मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतल्यावर तो बदलण्यात आला. फसवून आणलेल्या मुलीला ‘कामगार’ म्हणणे म्हणजे गुलामीला मजुरी म्हणणे होय, ही त्यांची हरकत रास्त आहे. परंतु जी प्रौढ स्त्री स्वतःच्या निर्णयाने हा व्यवसाय करते, तिला केवळ बळी म्हणून तिचे म्हणणे खोडून काढणे हाही अन्यायच.

माझी कसोटी साधी आहे. शब्दामागून हक्क येतो काय? ‘कामगार’ या शब्दाला आज वजन आहे ते शब्दकोशामुळे नव्हे. १९४८ चा कारखाने कायदा त्यामागे उभा राहिला, भविष्य निर्वाह निधी आणि युनियन आजही उभी आहे म्हणून. १९५६ च्या कायद्याने कुंटणखाना चालविणे आणि दलाली हे गुन्हे ठरविले. देहविक्रय हा स्वतःच गुन्हा ठरविला नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की या स्त्रियांना सन्मानाने वागवा आणि त्यांच्या तक्रारींची कायद्याप्रमाणे दखल घ्या. रेशन, आधार कार्ड, मुलांची शाळा, नोंदली जाणारी फिर्याद, एवढे पदरात पडले तर जुना शब्दही तिला टोचणार नाही. न पडले तर नवा शब्द नुसती रंगसफेदी ठरेल.

आपण श्रम विकून जगणारी माणसे आहोत. कंत्राटदार ‘ए बिगारी’ म्हणून हाक मारतो, तेव्हा शब्द कसा लागतो हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून एवढेच मागणे, की पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर हा शब्द शिवी म्हणून तोंडी येईल, तेव्हा गिऱ्हाईक कोण होते, हा प्रश्न आधी विचारा.