पत्रिकेतली जनावरे



चिनी लोक जन्मसालाला जनावर लावतात, हे आता आपल्या नातवंडांनाही ठाऊक आहे. उंदीर, बैल, वाघ, ससा अशी बारा. तेराव्या वर्षी पुन्हा उंदीर. वाघाच्या सालचा धाडसी, सशाच्या सालचा सावध. आपल्याला त्याची गंमत वाटते. पण आपल्याच पंचांगातले गुणमेलनाचे कोष्टक उघडून योनी बघा. तिथे चौदा जनावरे बसलेली आहेत. ती सालावरून नव्हे, जन्माच्या वेळच्या चंद्रनक्षत्रावरून मिळतात. अश्विनीचा घोडा, रोहिणीचा साप, चित्रेचा वाघ, उत्तरा फाल्गुनीची गाय. दोघांची योनी एकच असली तर छत्तीसपैकी ४ गुण पदरात; गाय-वाघ, मांजर-उंदीर, साप-मुंगूस अशी जोडी आली की शून्य. माकड आणि मेंढा यांचे वैर कशावरून, हे मात्र मला कोणा गुरुजींनी पटेलसे सांगितलेले नाही.

४ गुण गेले म्हणून सोयरीक सहसा मोडत नाही. मोडते ती नक्षत्राच्या नावाने. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला. मुलाच्या मुळाची एवढी चौकशी होताना मी तरी पाहिली नाही.

जपानातही बोट मुलीकडेच. तिथे बारा प्राण्यांना पंचतत्त्वांची जोड देऊन साठ वर्षांचे चक्र होते. आपली संवत्सरेही साठच. त्यातल्या अग्नी-अश्वाच्या साली जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक, अशी समजूत. १९६६ हे तसे साल. १९६५ साली जपानात सुमारे १८ लाख २४ हजार मुले जन्मली, १९६६ साली १३ लाख ६१ हजार, आणि १९६७ साली पुन्हा १९ लाख ३६ हजार. ताशी दोनशे किलोमीटरची आगगाडी त्या देशात दोनच वर्षांपूर्वी धावू लागली होती.

आता घरचे सांगतो. माझी धाकटी बहीण १९५६च्या पावसाळ्यातली, मुळाच्या शेवटच्या घटकांमधली. तीन स्थळे पत्रिका पाहून परतली. चौथ्या वेळी वडिलांनी जन्मवेळ दीड तास पुढे लिहिली. मूळ सरले, पूर्वाषाढा लागली. श्वानयोनी जाऊन वानरयोनी आली. लग्न ठरले. त्या रात्री स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "दादा, आजपर्यंत मी कुत्री होते. उद्यापासून माकड का?" मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला फार उशिरा कळले. सासऱ्यांना साधी पडशी झाली तरी ती रात्रभर जागायची. खरी वेळ तिला माहीत होती ना.

सासरे पुढे एकोणीस वर्षे जगले. त्यांच्या अखेरच्या आजारात उशाशी तीच होती. खरी वेळ तिने त्यांना सांगितली की नाही, हे मी कधी विचारले नाही.

गेल्या दिवाळीत नातीने मोबाइलमध्ये आजीचे चिनी साल शोधले. १९५६. "आजी, तू माकड!" बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नातीला काही कळेना.